उभयलिंगी : एका ओळखीचा इतिहास

‘उभयलिंगी’ हा शब्द मराठी माणसाला पहिल्याने भेटतो तो शाळेत. गांडूळ हा उभयलिंगी प्राणी आहे, म्हणजे नर आणि मादी या दोहोंची इंद्रिये त्याच्या एकाच शरीरात असतात, हे वाक्य आपण सर्वांनी कधी ना कधी पाठ केलेले असते. वनस्पतिशास्त्राच्या धड्यात जास्वंदीचे फूल द्विलिंगी म्हणून येते. पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही तिथेच. भोपळ्याच्या वेलावर मात्र नर-फुले निराळी आणि मादी-फुले निराळी. इथपर्यंत कुणाची काही तक्रार नसते. परीक्षेत दोन गुण मिळतात आणि विषय संपतो.

हाच शब्द माणसाच्या मनाविषयी वापरला, की गोंधळाला सुरुवात होते. तेव्हा वाचकहो, अर्थ आधी नक्की करून घेऊ. ज्या व्यक्तीला स्त्रीविषयी आणि पुरुषाविषयीही प्रेमाचे व शरीराचे आकर्षण वाटू शकते, ती व्यक्ती उभयलिंगी. तिच्या शरीराच्या घडणीशी याचा काही संबंध नाही. दोहोंचे आकर्षण सारख्याच मापाचे असले पाहिजे, किंवा एकाच वेळी असले पाहिजे, असेही नाही. अर्थ इतका साधा आहे. पण तो रूढ व्हायला शंभर वर्षे लागली, आणि तो सांगणाऱ्या माणसांवर विश्वास बसायला त्याहूनही अधिक.

समलिंगी माणसांचा अलीकडचा इतिहास आपण वाचू लागलो, तर तो बव्हंशी शिक्षेचा इतिहास आहे. कायदा, तुरुंग, बदनामी. उभयलिंगी माणसांना ही शिक्षा चुकली नाहीच. शिवाय त्यांच्या वाट्याला एक निराळी गोष्ट आली. त्यांना जन्मभर पुरावा मागितला गेला. तू तसा आहेस हे कशावरून? आज तुझ्याबरोबर बायको आहे, मग तू आमच्यातलाच. आज तुझ्याबरोबर मित्र आहे, मग तू त्यांच्यातला. या पुराव्याच्या मागणीचा माग काढीत गेले, तर उभयलिंगी ओळखीचा सारा सामाजिक आणि राजकीय इतिहास हाती लागतो. तोच आज थोडक्यात सांगण्याचा विचार आहे.

आकर्षण जुने आहे, ओळख नवी आहे, हे पहिल्याने ध्यानात घ्यावे. एक उदाहरण आपल्या ओळखीचेच आहे. मोगल घराण्याचा मूळ पुरुष बाबर याने स्वतःचे चरित्र लिहून ठेवले. १४९९-१५०० च्या सुमाराची हकीगत तो सांगतो. त्या वेळी तो सतरा वर्षांचा. आयेशा सुलतान बेगमेशी त्याचा विवाह नुकताच झालेला. त्या दिवसांत छावणीच्या बाजारातील बाबुरी नावाच्या एका मुलावर त्याचे मन जडले. तो समोर आला की बाबराला त्याच्याकडे सरळ पाहवत नसे, बोलणे तर दूरच. त्या ध्यासात आपण अनवाणी, उघड्या डोक्याने भटकत होतो, असे तो मोकळेपणाने लिहितो. पुढे बाबराने अनेक विवाह केले, हुमायूनसारखे पुत्र त्याला झाले. ‘मग मी कोण?’ हा प्रश्न मात्र त्याच्या लेखणीतून कुठेही उमटत नाही. त्या काळी प्रेम ही माणसाला घडणारी एक गोष्ट होती. तिच्यावरून माणसाची जात ठरत नसे. तेव्हा बाबराला ‘उभयलिंगी’ म्हणणे इतिहासकाराला शोभणार नाही. एवढे मात्र म्हणता येईल की, नाव नव्हते तेव्हाही अनुभव होता.

नाव द्यायला सुरुवात झाली ती एकोणिसाव्या शतकात, जर्मन भाषेत. कार्ल हाइनरिख उलरिक्स हा हॅनोव्हर प्रांतातील एक कायदेपंडित. १८६४ पासून तो पुस्तिका छापू लागला. पुरुषावर प्रेम करणारा पुरुष हा गुन्हेगार नव्हे, तो जन्मतःच तसा असतो, असे त्याचे म्हणणे. १८६७ साली म्युनिक येथे जर्मन कायदेपंडितांच्या परिषदेत तो हे सांगायला उभा राहिला, तेव्हा आरडाओरडा करून त्याला खाली बसविण्यात आले. त्याने माणसांचे वर्गही पाडले. प्रथम त्याच्या यादीत दोनच रकाने होते. या रकान्यांत न बसणारी माणसे भेटू लागली, तेव्हा दोहोंवर प्रेम करणाऱ्यांसाठी त्याला तिसरा शब्द घडवावा लागला. ‘समलिंगी’ या अर्थाचा युरोपीय शब्द कर्टबेनी या हंगेरीच्या लेखकाने १८६९ साली छापला. म्हणजे पहा, रकाने पाडल्याबरोबर, पहिल्या काही वर्षांतच, तिसऱ्या रकान्याची गरज भासली होती.

पण वकिलाच्या हातून हा विषय लवकरच वैद्यांच्या हाती गेला. ऑस्ट्रियातील मानसवैद्य क्राफ्ट-एबिंग याने १८८६ साली आपला प्रसिद्ध ग्रंथ काढला. त्यात या माणसांची नोंद झाली ती रोग्यांच्या यादीत. १८९२ साली त्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर झाले आणि तेव्हापासून ‘बायसेक्शुअल’ हा फुलापानांचा शब्द माणसाच्या आकर्षणाविषयीही इंग्रजीत वापरला जाऊ लागला.

त्यानंतर आला व्हिएन्नाचा डॉक्टर सिग्मंड फ्रॉईड. बर्लिनचा डॉक्टर विल्हेल्म फ्लीस हा त्याचा जिवलग मित्र. प्रत्येक माणसात स्त्री आणि पुरुष दोन्ही असतात, ही कल्पना मुळात फ्लीसची. १९०३ साली ऑटो वाइनिंगर नावाच्या तरुणाने तीच कल्पना आपल्या ग्रंथात मांडली. फ्रॉईडच्या एका रुग्णाकडून ती वाइनिंगरपर्यंत पोचली, असे फ्लीसला कळले आणि या मैत्रीचा शेवट झाला. १९०६ साली हे भांडण छापील पुस्तिकांतून जगजाहीर झाले. दोन विद्वान भांडले ते उभयलिंगित्वाची कल्पना कोणाच्या मालकीची यावरून. उभयलिंगी माणसाचे काय, हे त्या भांडणात कोणी विचारलेच नाही!

फ्रॉईडने १९०५ साली आपले मत ग्रंथरूपाने मांडले. मूल जन्मते तेव्हा त्याच्या ठायी दोन्ही आकर्षणांचे बीज असते, आणि वाढता वाढता ते बहुधा एका वाटेला लागते, असा त्याचा आशय. यात सहानुभूती होती, हे मान्य केले पाहिजे. पण याचा एक विपरीत परिणाम झाला. सगळेच जर मुळात उभयलिंगी, तर मग उभयलिंगी असा निराळा माणूस उरतो कुठे? वयात येऊनही जो असे सांगेल, त्याची वाढ अर्ध्यावर थांबली, असा अर्थ पुढच्या मानसवैद्यांनी काढला. पोर अजून तळ्यात-मळ्यात करते आहे, कळते झाले की एका बाजूला उडी मारील, असा हा समज. तो आजही पुष्कळ घरांतून ऐकू येतो. बोलणाऱ्याने फ्रॉईडचे नावही ऐकलेले नसते, एवढेच.

याच काळात बर्लिनमध्ये मॅग्नुस हिर्शफेल्ड हा डॉक्टर निराळे काम करीत होता. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे जर्मन कायद्याचे कलम रद्द व्हावे, म्हणून त्याने १८९७ साली समिती स्थापन केली. १९१९ साली बर्लिनमध्ये त्याने लैंगिक शास्त्राची संस्था उघडली. मनुष्यस्वभावाला फार पायऱ्या आहेत, दोन टोकांच्या मध्ये अगणित छटा आहेत, हे त्याचे सूत्र. जगप्रवासाला निघालेला हिर्शफेल्ड १९३१ साली हिंदुस्थानातही आला होता. पण परत आपल्या घरी जाणे त्याच्या नशिबी नव्हते. मे १९३३ मध्ये नाझी तरुणांनी त्याची संस्था लुटली आणि तिच्यातील पुस्तके भर चौकात जाळली. १९३५ साली फ्रान्समध्ये नीस येथे त्याचा अंत झाला.

बर्लिनमध्ये पुस्तके जळत होती, त्या सुमारास आपल्याकडे मुंबईत काय चालले होते? रघुनाथ धोंडो कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवीत होते. वाचक आपल्या खाजगी अडचणी पत्राने कळवीत आणि कर्वे त्यांना शास्त्राला धरून उत्तरे देत. या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला कर्वे हरले, त्यांना दंड झाला. मासिक मात्र त्यांनी १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालविले. ही हकीगत येथे सांगण्याचे कारण असे की, ज्या काळी प्रश्नाचे उत्तर छापणे हाच गुन्हा होता, त्या काळी आपल्या मनाला काय नाव द्यावे, हे कोणी कोणाला विचारावयाचे?

आता अमेरिकेकडे वळू, कारण पुढची मोठी उलथापालथ तिथे झाली. आल्फ्रेड किन्से हा इंडियाना विद्यापीठातील प्राणिशास्त्राचा प्राध्यापक. वीस वर्षे त्याने काय केले, तर झाडांवर गाठी उठविणाऱ्या बारीकशा गांधीलमाश्या गोळा केल्या आणि त्यांची मापे घेतली. एका जातीतल्या दोन माश्याही एकसारख्या नसतात, हा त्याला मिळालेला धडा. तीच नजर घेऊन तो माणसांकडे वळला. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हजारो माणसांच्या मुलाखती घेतल्या. १९४८ साली पुरुषांविषयीचा आणि १९५३ साली स्त्रियांविषयीचा ग्रंथ बाहेर पडला.

किन्सेने रकाने मोडून काढले आणि त्याजागी एक मोजपट्टी ठेवली, शून्यापासून सहापर्यंतची. शून्य म्हणजे केवळ भिन्नलिंगी आकर्षण, सहा म्हणजे केवळ समलिंगी, आणि मधले पाच आकडे त्या दोहोंच्या कमीअधिक मिश्रणाचे. त्याने मुलाखती घेतलेल्या पुरुषांपैकी ४६ टक्क्यांना प्रौढ वयात केव्हा ना केव्हा दोन्ही प्रकारचे आकर्षण अथवा संबंध अनुभवास आले होते. हा आकडा वाचून अमेरिका हादरली. किन्सेने माणसे निवडली त्या पद्धतीवर संख्याशास्त्रज्ञांनी पुढे रास्त आक्षेप घेतले. त्यामुळे ४६ हा आकडा आज कोणी जसाच्या तसा धरीत नाही. पण मधल्या जागेत माणसे आहेत, आणि ती थोडीथोडकी नाहीत, हे मात्र त्यानंतर नाकारता येईनासे झाले.

गंमत अशी की, ‘बायसेक्शुअल’ हा शब्द खुद्द किन्सेलाच पसंत नव्हता. तो पडला प्राणिशास्त्रज्ञ. त्याच्या शास्त्रात हा शब्द दोन्ही इंद्रिये असलेल्या जिवांसाठी राखलेला. म्हणजे आपला गांडुळाचा धडा आणि किन्सेची अडचण एकच!

आकडे एकीकडे आणि माणसाचे चरित्र एकीकडे. चरित्रकार काय करीत होते, तेही पाहू. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना जॉन मेनार्ड केन्स हे नाव सांगावयास नको. हिंदुस्थानच्या चलनावर त्याने १९१३ साली पुस्तक लिहिले होते. तरुणपणी केन्सचे प्रेम होते ते पुरुषांवर. चित्रकार डंकन ग्रँट हा त्यांपैकी एक. १९२५ साली केन्सने लिडिया लोपोकोवा या रशियन नर्तिकेशी विवाह केला आणि १९४६ साली मृत्यू येईपर्यंत दोघांचे सहजीवन अत्यंत प्रेमाचे होते. आता १९५१ साली निघालेले त्याचे पहिले मोठे चरित्र पहा. लेखक रॉय हॅरॉड, केन्सचा स्नेही आणि मोठा विद्वान. त्याने पहिला भाग साफ गाळला. सत्य बाहेर आले ते १९६७-६८ मध्ये, लिटन स्ट्रेची या केन्सच्या मित्राचे चरित्र मायकेल हॉलरॉइड याने लिहिले तेव्हा. त्यानंतर लोक उलट्या बाजूने बोलू लागले. केन्स मुळात समलिंगीच, लिडियाशी लग्न हा केवळ देखावा, असा तो सूर. पहिल्याने त्याचे पुरुषांवरचे प्रेम पुसले गेले, मग पत्नीवरचे प्रेम खोटे ठरविले गेले. माणूस एकच, पत्रे तीच, पण दोन्ही प्रेमे खरी असू शकतील, असे मानायला कोणी सहज तयार होईना.

या पुसण्याला उत्तर म्हणून राजकीय चळवळ उभी राहिली. तिची सुरुवात आपण समजतो त्याहून आधीची आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९६६ साली समलिंगी विद्यार्थ्यांची संघटना निघाली आणि पुढच्या वर्षी विद्यापीठाने तिला मान्यता दिली. ती काढणारा स्टीफन डॉनल्डसन हा विद्यार्थी स्वतःला उभयलिंगी म्हणवीत असे. २८ जून १९६९ रोजी न्यूयॉर्कमध्ये स्टोनवॉल नावाच्या मद्यगृहावर पोलिसांनी छापा घातला, तेव्हा गिऱ्हाइकांनी उलट प्रतिकार केला. बरोबर एक वर्षाने, त्या दिवसाच्या स्मरणार्थ पहिली मिरवणूक निघाली. आज जगभर ज्या अभिमान-यात्रा निघतात, त्यांचे मूळ तेच. ती मिरवणूक उभारण्यात ज्यांचा पुढाकार होता, त्यांपैकी ब्रेंडा हॉवर्ड ही स्त्री उभयलिंगी होती. म्हणजे या माणसांनी चळवळीत मागून येऊन जागा मागितली, असे नाही. पाया खणताना ती तिथेच होती.

स्वतंत्र संघटना निघाल्या त्या १९७२ पासून. त्या वर्षी डॉनल्डसन आणि त्याचे क्वेकर पंथातील सहकारी यांनी इथाका या गावी एक निवेदन तयार केले. धार्मिक मंडळींनी उभयलिंगी माणसांच्या बाजूने काढलेले असे निवेदन त्यापूर्वी माहीत नाही. १९७६ साली सॅन फ्रान्सिस्कोत उभयलिंगी लोकांसाठी केंद्र उघडले. १९७८ साली व्हिएन्नात जन्मलेल्या फ्रिट्झ क्लाइन या मानसवैद्याने या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. किन्सेची एक मोजपट्टी त्याला अपुरी वाटली. माणूस कोणाकडे आकृष्ट होतो, कोणावर प्रेम करतो, कोणाच्या संगतीत रमतो, स्वतःला काय म्हणवतो, आणि हे काल कसे होते व आज कसे आहे, या सर्वांचा त्याने निरनिराळा कोठा मांडला.

आता आपण विचाराल, समलिंगी चळवळीतल्या लोकांनी तरी यांना जवळ केले असेल ना? तसे पुष्कळदा झाले नाही. त्यामागचे कारण समजून घेतले पाहिजे, कारण ते निव्वळ दुष्टपणाचे नव्हते. ‘आम्ही जन्मतःच असे आहोत, आम्हाला बदलता येणार नाही, म्हणून आम्हाला शिक्षा करू नका,’ हा समलिंगी चळवळीचा न्यायालयातला आणि समाजातला मोठा आधार. त्यात उभयलिंगी माणूस उभा राहिला, की विरोधक म्हणणार, ‘पहा, याला स्त्रीही चालते. मग तुम्हालाच का चालू नये?’ दुसरे असे की, संकट आले की ही माणसे लग्नाच्या आडोशाला जातील आणि आपण उघड्यावर राहू, ही भीती होती. भीती खरी होती, पण तिची किंमत भरली ती ज्यांनी आडोसा सोडला होता, त्यांनीच. समाज म्हणे, हे त्यांच्यातले. ते म्हणत, हे समाजातले.

त्यातच १९८१ साली एड्सचा रोग उघडकीस आला. रोग समलिंगी पुरुषांचा, तो घराघरांतल्या बायकांपर्यंत आणला उभयलिंगी नवऱ्यांनी, अशी मांडणी वृत्तपत्रांतून होऊ लागली. लपवाछपवीमुळे काही स्त्रियांना रोग झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि त्यांचे दुःख लहान नाही. पण लपविण्याची पाळी का आली, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. उघड बोलला तर घर आणि नोकरी जाते, आणि गप्प बसला तर तो घातकी ठरतो! या कोंडीतून वाट काढण्यासाठी सॅन फ्रान्सिस्कोत १९८३ साली एक राजकीय संघटना निघाली, बॉस्टनमध्ये त्याच वर्षी स्त्रियांचे मंडळ निघाले, आणि लंडनमध्ये १९८४ साली परिषद भरली. ऑक्टोबर १९८७ मध्ये वॉशिंग्टनच्या मोठ्या मोर्चात उभयलिंगी लोकांचे पहिले देशव्यापी पथक चालले. १९९३ च्या मोर्चाच्या नावात त्यांना जागा मिळाली, पण कशी? शब्द पुरा न लिहिता त्याची पहिली दोनच अक्षरे, ‘बाय’, एवढीच. नाव मिळाले तेही अर्धे.

यानंतर आपल्याला वाटेल की पुरावा मागणे थांबले असेल. तीन प्रसंग सांगतो.

पहिला प्रसंग प्रयोगशाळेतला. २००५ साली शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञांनी काही पुरुषांना चित्रपट दाखवून त्यांच्या शरीराचा प्रतिसाद मोजला. स्वतःला उभयलिंगी म्हणविणाऱ्यांत दोहोंबद्दलचा प्रतिसाद आढळत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. हे पुरुष खोटे बोलतात की काय, अशा अर्थाच्या मथळ्याने न्यूयॉर्कच्या मोठ्या वृत्तपत्राने तो छापला. २०११ साली त्याच विद्यापीठात, माणसे अधिक काळजीने निवडून, प्रयोग पुन्हा झाला. या वेळी प्रतिसाद आढळला. २०२० साली अनेक प्रयोगांची आकडेवारी एकत्र करून तोच निष्कर्ष पक्का झाला. पंधरा वर्षांत शास्त्राने आपले म्हणणे सुधारले, हे शास्त्राचे भूषणच. पण त्या मथळ्याखाली ज्यांना त्यांच्या घरच्यांनी ‘बघ, शास्त्रच सांगते’ म्हणून ऐकविले, त्यांना ती पंधरा वर्षे कोण भरून देणार?

दुसरा प्रसंग खेळाच्या मैदानावरचा. २००८ साली सिॲटल शहराजवळ समलिंगी खेळाडूंच्या सॉफ्टबॉलचे जागतिक सामने झाले. प्रत्येक संघात भिन्नलिंगी खेळाडू दोनच असावेत, असा नियम. सॅन फ्रान्सिस्कोचा एक संघ अंतिम सामन्यापर्यंत आला, तेव्हा त्याच्याविरुद्ध तक्रार झाली. मग खेळाडूंना एकेक करून एका खोलीत बोलावण्यात आले. समोर वीस-पंचवीस माणसे बसलेली. तुला पुरुष आवडतात की स्त्रिया, हा प्रश्न. शेवटी तिघांना ‘समलिंगी नाही’ असे मतदानाने ठरविण्यात आले आणि संघाचे दुसरे स्थान काढून घेण्यात आले. तिघांनी २०१० साली दावा लावला. भिन्नलिंगी खेळाडूंची संख्या मर्यादित ठेवण्याचा संस्थेचा हक्क न्यायालयाने मान्य केला, पण उरलेल्या दाव्यात २०११ साली संस्थेने तडजोड केली, संघाचे स्थान परत दिले आणि नियमही बदलले. स्वतः रकान्यांचा छळ सोसलेल्या माणसांनी दुसऱ्यांना असे खोलीत उभे करावे, यात सर्वांनीच शिकण्यासारखे आहे.

तिसरा प्रसंग हसण्यावारी नेण्याजोगा नाही. जमैकातील एका गृहस्थाने अमेरिकेत आश्रय मागितला. मायदेशी परतलो तर उभयलिंगी म्हणून जिवाला धोका आहे, असे त्याचे म्हणणे. देशांतरविषयक न्यायाधीशाचा विश्वास बसला नाही. नकाराच्या कारणांत एक हेही होते की, त्याने एका स्त्रीशी विवाह केला होता. २०१६ साली शिकागोच्या अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने तो नकार कायम केला. वेगळे मत देणारे न्यायमूर्ती रिचर्ड पोस्नर यांनी लिहिले त्याचा आशय असा की, खालच्या न्यायाधीशांना उभयलिंगी या शब्दाचा अर्थच कळलेला दिसत नाही. २०१९ साली त्याच न्यायालयाने प्रकरण फेरविचारासाठी परत पाठविले. शब्दाचा अर्थ ठाऊक नसणे, हा माणसाच्या जिवाशी खेळ होऊ शकतो, तो असा.

या अविश्वासाचा परिणाम आकड्यांतही दिसतो. अमेरिकेत २०१३ साली झालेल्या प्यू संस्थेच्या पाहणीत, आपल्या जवळच्या बहुतेक माणसांना हे ठाऊक आहे, असे सांगणारे समलिंगी पुरुष ७७ टक्के होते, समलिंगी स्त्रिया ७१ टक्के, आणि उभयलिंगी माणसे फक्त २८ टक्के. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या तेथील सरकारी अहवालात जोडीदाराकडून बलात्कार, मारहाण वा पाठलाग सोसलेल्या स्त्रियांचे प्रमाण उभयलिंगी स्त्रियांत ६१ टक्के आढळले. समलिंगी स्त्रियांत ४४ आणि भिन्नलिंगी स्त्रियांत ३५. आणि ही माणसे मूठभर नव्हेत. गॅलप संस्थेने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या आकड्यांत, स्वतःला लैंगिक अल्पसंख्याक म्हणविणाऱ्या अमेरिकनांपैकी निम्म्याहून अधिक जण उभयलिंगी होते. संख्येने सर्वांत मोठा गट, आणि मौनातही सर्वांत मोठा.

आता आपल्या घराकडे येऊ. इंग्रजांनी १८६० च्या दंडविधानात घातलेल्या ३७७ व्या कलमाने समलिंगी संबंध गुन्हा ठरविले. २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्याची धार काढली, २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती परत दिली, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींनी एकमताने प्रौढांच्या संमतीचे संबंध गुन्ह्यातून मुक्त केले. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मात्र समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क मिळाला नाही. या झगड्यात मराठी मुलुखाचा वाटा आहे. मुंबईत १९९० साली ‘बॉम्बे दोस्त’ हे मासिक निघाले आणि पुण्यात २००२ साली समपथिक ट्रस्ट उभा राहिला.

कायदा बदलला, पण आपल्याकडचा खरा दरबार घरात भरतो. तिथे पुरावा एकच चालतो, लग्न. मुलाने मन मोकळे केले, की वडीलधारी म्हणतात, ‘बायकाही आवडतात ना? मग प्रश्न कसला? लग्न करून टाक, सगळे ठीक होईल.’ मुलीला तर तेवढेही विचारीत नाहीत. या बोलण्यात माया असते, म्हणूनच त्याला उत्तर देणे कठीण जाते. पण पुढे काय होते, पहा. लग्नाने आकर्षण पुसले जात नाही, ते फक्त न बोलण्याचे ठरते. ज्या जोडीदाराला आधी सांगितले गेले नाही, त्याची किंवा तिची यात फसगत होते. आणि आधी सांगून, समजून-उमजून लग्न केले आणि ते निष्ठेने निभावले, तर बाहेरचे म्हणतात, ‘मग तो तसा नव्हताच.’ दोन्हीकडून माणूस खोटाच ठरतो. उभयलिंगी माणूस एकनिष्ठ राहू शकत नाही, हा समजही असाच. सावळी आणि गोरी दोन्ही मुली ज्याला सुंदर वाटतात, त्याला दोन बायका लागतात, असे कोणी म्हणत नाही.

एक गोष्ट उलट बाजूनेही सांगितली पाहिजे. काही तरुण माणसे प्रथम स्वतःला उभयलिंगी म्हणवतात आणि पुढे समलिंगी म्हणून स्थिरावतात, हे खरे आहे. पूर्ण सत्य सांगण्याचे धैर्य एका दमात येत नाही. पण काही जणांसाठी जो पूल आहे, तो दुसऱ्या कुणाचे कायमचे गाव असू शकते. पुण्याहून मुंबईला जाणारे सर्व लोक लोणावळ्यावरून जातात, म्हणून लोणावळ्यात कुणी राहतच नाही, असे म्हणून चालेल का?

इतिहास शिकविणाऱ्याला पुरावा मागण्याची सवय असते. तो त्याचा धंदाच आहे. पण आज कोण शेजारी बसले आहे, या एका पुराव्यावरून सबंध आयुष्याचा निकाल द्यायचा, ही पद्धत इतिहासात चालत नाही. हॅरॉडने तसेच केले, आणि त्याला उलटविणाऱ्यांनीही तसेच केले. घरात, वर्गात, दवाखान्यात किंवा न्यायालयात उद्या कुणी आपल्यापाशी येऊन ‘मी असा आहे’ किंवा ‘मी अशी आहे’ म्हणाले, तर साक्षीदार बोलावण्याची घाई करू नये. स्वतःच्या मनाविषयी पहिला साक्षीदार तो माणूसच असतो. त्याची जबानी पुरी ऐकून घ्यावी. दीडशे वर्षांच्या या इतिहासात ती ऐकून घेणारी माणसे फार थोडी निघाली, एवढे लक्षात राहिले तरी पुष्कळ झाले.